जुन्या संगणकांसाठी नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर जुळवणे

बाजारातून केव्हाच गेलेल्या संगणकाला, मुळात त्याच्यासाठी न बनलेले नेटवर्क कार्ड जोडून ते लिनक्ससारख्या मुक्तस्रोत कर्नलवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यावर, चालते करण्याचे हे काम. ड्रायव्हर हा कर्नल आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. तो सहसा नव्याने लिहावा लागत नाही. चिप तीच असते, भोवतालचे यंत्र बदललेले असते. म्हणून कोडमध्ये चिपविषयीचे ज्ञान कुठे संपते आणि यंत्राविषयीचे कुठे सुरू होते, ती रेघ सापडणे हे या कामाचे मर्म.

सर्वांत बोलके उदाहरण नॉव्हेलच्या एनई२००० या कार्डाचे. त्याच्या मुळाशी नॅशनल सेमीकंडक्टरची डीपी८३९० चिप आहे आणि तिच्या असंख्य नकला निघाल्या. रिअलटेकची आरटीएल८०१९एएस त्यांतलीच. डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी लिहिलेल्या ८३९० ड्रायव्हरचा गाभा पुढे अमिगा आणि मॅकिंटॉश या संगणकांवरही कामी आला. रजिस्टर, म्हणजे चिपमधले छोटे कप्पे, वाचण्या-लिहिण्याचे काम मॅक्रोंकडे, म्हणजे कोडच्या लहान, नाव दिलेल्या तुकड्यांकडे, सोपवलेले असल्याने, एखाद्या यंत्रावर रजिस्टरे चार-चार बाइटांच्या अंतराने असली तरी चिपच्या तर्काला हात लावावा लागत नाही. बाइटांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. या जुन्या संगणकांतले मोटोरोलाच्या ६८००० कुळातले प्रोसेसर मोठ्या किमतीचा बाइट आधी मानतात. पॅकेटाची (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याची) लांबी सांगणारे दोन बाइट उलटे वाचले गेले तर ६४ बाइटांचे पॅकेट १६३८४ बाइटांचे दिसते.

अटारी या जुन्या संगणकाच्या इथरनेक या जोडणीत या कामाची खरी कसोटी लागते. त्यात एनई२००० कार्ड संगणकाच्या कार्ट्रिज खाचेत बसवतात. ती खाच रॉमसाठी केलेली, म्हणजे फक्त वाचण्यासाठी. लिहिण्याची तारच तिथे नाही. मग कार्डाला बाइट पाठवायचा कसा? तो बाइट पत्त्यातच गुंफून त्या पत्त्यावरून ‘वाचन’ करतात. आलेली माहिती फेकून द्यायची, पण पत्त्याच्या तारांवरून बाइट कार्डापर्यंत पोहोचलेला असतो. ही युक्ती मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर वाटते. इंटरप्टची, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची, तारही नसल्याने टायमरच्या प्रत्येक ठोक्याला कार्डाकडे चौकशी करावी लागते.

याचा भार स्मृतीवर पडतो. इथे कार्ड ८ बिटांच्या पद्धतीत चालते, आणि त्या पद्धतीत आरटीएल८०१९एएसची ८ किलोबाइटच स्मृती वापरता येते. म्हणजे २५६ बाइटांची ३२ पाने. त्यांतली १२ पाठवण्यासाठी राखली की येणाऱ्या पॅकेटांसाठी २० उरतात, आणि पूर्ण आकाराच्या एका पॅकेटाला ६ पाने लागतात. जेमतेम तीन पॅकेटे मावतात. ठोका चुकला की चौथे सांडते. ही मर्यादा ठाऊक नसलेला ड्रायव्हर चिपला नसलेल्या जागेत लिहायला सांगेल. म्हणून कोड आधी चिपची ओळखखूण वाचतो.

गोव्यात या विषयाला जिव्हाळ्याचा संदर्भ आहे. गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट या उपक्रमातून २००० नंतरच्या वर्षांत परदेशात वापरून झालेले संगणक राज्यातल्या शाळांत आले आणि त्यांवर लिनक्स बसवले गेले. जुने यंत्र नव्या कर्नलवर चालणे ही तिथे हौस नव्हती, मुलांच्या हाती संगणक पडण्याची वाट होती. इथल्या हवेचा धडा वेगळाच. मृग लागल्यापासून चतुर्थी उलटेपर्यंत दमट, खारी हवा स्लॉटच्या पत्र्या कळकवते. मग पॅकेट गळू लागते आणि दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. फोंडा असो वा पेडणे, कोड उघडण्याआधी कार्ड काढून त्याची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत.

कर्नल जुन्या यंत्रावर बांधत बसत नाहीत. आजच्या लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलरने (दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी कोड बांधणाऱ्या साधनाने) बांधून तिकडे नेतात. प्राथमिक तपासणी अरॅनिम किंवा क्यूईएमयू या एम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) होते, पण एम्युलेटरमध्ये तारा सैल नसतात. ज्याची कोणी चाचणी घेत नाही असा कोड कर्नलमधून काढला जातो: २०१२ साली ३.५ या आवृत्तीत टोकन रिंग ही जुनी नेटवर्क पद्धत आणि मायक्रो चॅनल ही जुनी कार्ड-जोडणी, दोन्हींचा आधार गेला, त्याच वर्षाअखेर इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचा आधार काढण्याचा बदल स्वीकारला गेला. म्हणून पॅचसोबत (कोडमधल्या प्रस्तावित बदलासोबत) तो कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कार्डावर चालवून पाहिला, हे लिहिले जाते. नुसते पिंग, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येते का पाहणे, पुरत नाही. काही मेगाबाइटांची फाइल दोन्ही दिशांनी पाठवून तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळा-आकडा) जुळवावा लागतो.