‘एलईडी टीव्ही’ हे नाव आणि सपाट पडद्याच्या निवडीची पार्श्वभूमी

घरात नवा टीव्ही घेण्याचा विषय निघाला की चर्चा फार लवकर काही आद्याक्षरांपाशी येऊन अडते. काही वर्षांपूर्वी ‘एलसीडी घ्यावा की एलईडी’ असे विचारले जात असे. आज ‘एलईडी, क्यूएलईडी की ओएलईडी’ असे विचारले जाते. या दोन्ही प्रश्नांच्या मांडणीतच एक गफलत आहे. ती ग्राहकाच्या अज्ञानातून आलेली नाही, तर संचांना नावे देताना घेतल्या गेलेल्या एका निर्णयातून आलेली आहे. तो निर्णय म्हणजे मागे एलईडी दिवे लावलेल्या एलसीडी संचाला ‘एलईडी टीव्ही’ म्हणण्याचा. तो २००९ च्या सुमारास झाला असला तरी त्याचा त्रास आजही प्रत्येक खरेदीत होतो, आणि म्हणून या टिपणात त्याला इतर घडामोडींपेक्षा अधिक जागा दिली आहे.

दूरचा भूतकाळ थोडक्यात सांगता येतो. एका सेंद्रिय संयुगाला दोन निरनिराळे वितळणबिंदू आहेत, हे १८८८ मध्ये एका ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि द्रव-स्फटिकांचा (लिक्विड क्रिस्टल; एलसीडीतले ‘एलसी’ ते हेच) अभ्यास सुरू झाला. त्यांचा पडद्यासाठी उपयोग करता येतो हे जाहीरपणे दाखवले गेले ते १९६८ मध्ये. त्याच्या चार वर्षे आधी, १९६४ मध्ये, एका अमेरिकन विद्यापीठात संगणकाद्वारे शिकवण्याच्या यंत्रणेसाठी प्लाझ्मा पडदा तयार झाला होता. त्यावर फक्त नारिंगी रंग दिसत असे. १९८० च्या दशकात खिशात मावणारे द्रव-स्फटिक टीव्ही बाजारात आले आणि १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा दाखवला गेला. भिंतीवर टांगता येईल असा मोठा रंगीत टीव्ही ग्राहकांना विकत मिळू लागला तो १९९७ च्या सुमारास, आणि तो ४२ इंची प्लाझ्मा होता. त्या काळातले ४० इंची चित्रनलिकेचे, म्हणजे जुन्या जाड खोक्याचे, संच शंभर किलोहून अधिक वजनाचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सपाट पडद्याचे आकर्षण किती असेल याची कल्पना येते. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत द्रव-स्फटिक संचांची जागतिक विक्री प्रथमच चित्रनलिकेच्या संचांपेक्षा पुढे गेली.

पुढचे समजण्यासाठी एक भेद स्पष्ट असायला हवा. प्लाझ्मा पडद्यातला प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. त्याला काळे व्हायचे असेल तर तो जवळजवळ विझतो. एलसीडी पडद्यातला बिंदू प्रकाश देत नाही. तो मागून येणारा प्रकाश कमी-अधिक अडवणारी झडप असतो. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा प्रकाश झिरपतोच, आणि म्हणून अंधाऱ्या खोलीत रात्रीचे दृश्य पाहताना काळ्याच्या जागी राखाडी दिसते. हा मागचा प्रकाश सुरुवातीला बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा असे. त्या नळ्यांत पारा होता, त्या संचाची जाडी वाढवत, आणि त्या सगळ्या पडद्यामागे एकसारख्या जळत असल्याने एकाच दृश्यातला अंधारा कोपरा वेगळा मंद करण्याची सोय त्यांच्यात नव्हती.

२००४ मध्ये या नळ्यांऐवजी लाल, हिरवे आणि निळे एलईडी दिवे वापरणारा एक एलसीडी संच आला. त्याचा हेतू रंगांची व्याप्ती वाढवण्याचा होता आणि तो साध्यही झाला होता, परंतु संच अतिशय महाग असल्याने मोजक्याच घरांत पोहोचला. २००९ मध्ये जे संच मोठ्या प्रमाणावर आले त्यांची रचना निराळी होती. त्यांत पांढरे एलईडी होते, म्हणजे निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर, आणि ते पडद्यामागे पसरलेले नसून फक्त कडेला बसवलेले होते. त्यामुळे संच तीन सेंटिमीटरइतका बारीक झाला, वीज कमी लागू लागली, पारा गेला. ही प्रगती खरी होती. या संचांना ‘एलईडी बॅकलाइट असलेला एलसीडी’ न म्हणता सरळ ‘एलईडी टीव्ही’ म्हटले गेले, आणि वाद सुरू झाला तो या नावावरून.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार गेली. पडदाच एलईडी दिव्यांचा बनलेला आहे असा ग्राहकाचा समज होऊ शकतो, असे मत त्या संस्थेने नोंदवले आणि जाहिरातीत खुलासा करण्यास सांगितले. तो निर्णय एका देशापुरता होता. इतरत्र नाव तसेच राहिले, दुकानांतल्या फलकांवर ‘एलसीडी’ आणि ‘एलईडी’ असे दोन स्वतंत्र विभाग झाले, आणि लोकांच्या मनात एलसीडी ही मागे पडलेली, जुनी वस्तू ठरली. प्रत्यक्षात एलईडी म्हणून घरी आणलेल्या संचाचा पडदाही एलसीडीच होता. नावाच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की ग्राहकाला लहान, लक्षात राहणारे नाव हवे असते आणि नव्या दिव्यामुळे संचाचे रूप खरोखरच बदलले होते. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही, पण प्रस्तुत लेखकाला तो पटत नाही. कंदिलाची वात बदलली म्हणून काचेचा दर्जा बदलत नाही. आणि चित्राचा बराचसा दर्जा येथे काचेवर, म्हणजे पडद्याच्या प्रकारावर ठरतो.

तो प्रकार मात्र खोक्यावर क्वचितच छापलेला असतो. एलसीडी पडद्यांचे घरगुती वापरात प्रामुख्याने दोन वर्ग आहेत. व्हीए वर्गातला पडदा मागचा प्रकाश अधिक घट्ट अडवतो, त्यामुळे त्यातला उजेड-अंधाराचा फरक दुसऱ्या, आयपीएस वर्गाच्या साधारण तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो, परंतु बाजूला बसून पाहिल्यास त्याचे रंग फिके पडतात. आयपीएस वर्गात बाजूने पाहणाऱ्यालाही रंग बरेचसे तसेच दिसतात, पण रात्रीचे दृश्य धुरकट वाटते. दिवे मालवून दोघेजण समोर बसून चित्रपट पाहणाऱ्या घराला पहिला योग्य; स्वयंपाक करता करता, जेवताना, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून असे सगळीकडून टीव्ही पाहिला जाणाऱ्या घराला दुसरा. ‘एलईडी’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही. कडेला दिवे असलेला संच आणि पडद्यामागे दिव्यांचे शेकडो स्वतंत्र विभाग असलेला संच, हे दोन्ही एकाच नावाखाली विकले गेले; चित्रात मात्र त्यांच्यात फार मोठे अंतर असते.

पुढे गुंता वाढतच गेला. ओएलईडी हे खरोखर वेगळे तंत्र आहे. त्यातल्या सेंद्रिय पदार्थाचा प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो आणि पूर्ण विझतो, म्हणजे प्लाझ्माचा गुण त्यात परत आला आहे. २००७ मध्ये त्याचा ११ इंची संच विक्रीला आला, पण २०१३ मध्ये ५५ इंची संच आले तेव्हा ‘एलईडी’ हे नाव आधीच रूढ झाले होते, आणि नवे तंत्र एका अक्षराची भर घातलेले जुनेच काहीतरी वाटू लागले. २०१७ पासून ‘क्यूएलईडी’ हे नाव पसरले. त्यात क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर निळ्या प्रकाशाचे शुद्ध लाल आणि हिरव्यात रूपांतर करतो; याच कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. थर उत्तम आहे, रंग खरोखर खुलतात, पण या नावाने सर्रास विकला जाणारा पडदा एलसीडीच आहे, आणि घाईत वाचणाऱ्याला ‘क्यू’ आणि ‘ओ’ या अक्षरांत फारसा फरक दिसत नाही. २०२१ च्या सुमारास आलेल्या ‘मिनी एलईडी’ या नावात दिव्यांचा उल्लेख प्रथमच सार्थ झाला, कारण तेथे हजारो बारीक दिवे आणि त्यांचे अनेक विभाग हेच संचाचे वैशिष्ट्य आहे. २०२५ मध्ये लाल-हिरव्या-निळ्या दिव्यांचे मोठे संच पुन्हा आले आहेत, म्हणजे २००४ ची कल्पना वीस वर्षांनी परतली आहे.

या काळात प्लाझ्मा नाहीसा झाला. २०१३ च्या अखेरीपासून २०१४ संपेपर्यंत मोठ्या उत्पादकांनी तो एकामागून एक बंद केला. वीज अधिक लागत होती, वजन अधिक होते आणि बारीक बिंदूंचा पडदा प्लाझ्मात बनवणे अवघड होते, ही कारणे खरी आहेत. पण तो दुकानातही हरला, याचा उल्लेख कमी होतो. झगझगीत उजेडात शेजारी शेजारी लावलेल्या संचांत सर्वांत तेजस्वी आणि निळसर पडदा नजर वेधतो, आणि प्लाझ्माचा गुण तर अंधारात दिसणारा होता. अनेकांना शेवटपर्यंत त्या पडद्याची बरोबरी कशात सापडली नाही, आणि ही हळहळ अनाठायी म्हणता येत नाही.

दुकानातला तो झगमगाट संचाबरोबर घरीही येतो. पहिल्यांदा सुरू करताना ‘घर की दुकान’ असा प्रश्न विचारला जातो; चुकून दुसरा पर्याय निवडला गेला तर पडदा कायम भडक राहतो. याच भडकपणाच्या सोबतीने आलेली सोय म्हणजे हालचाल गुळगुळीत करणे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि संच मधली चित्रे स्वतः बनवून भरतो, त्यामुळे क्रिकेटचा चेंडू स्पष्ट दिसतो पण चित्रपट स्टुडिओत चित्रित केलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ च्या अखेरीस एका प्रसिद्ध अभिनेत्याने ही सोय बंद करण्याचे जाहीर आवाहन केले, आणि २०१९ मध्ये उत्पादक व चित्रपटनिर्मात्यांच्या एका संघटनेने चित्रपटासाठी वेगळी मांडणी ठरवली. नवा संच घरी आल्यावर चित्राची मांडणी ‘सिनेमा’ किंवा तत्सम नावावर नेणे ही एक गोष्ट केली तरी पुष्कळ फरक पडतो. पहिले दोन-तीन दिवस चित्र पिवळसर वाटते. डोळे सरावले की आधीचे निळे होते हे कळते.

आकाराच्या बाबतीतही जुन्या सवयी फसवतात. चित्रनलिकेच्या २९ इंची संचाचा दिसणारा कर्ण सुमारे २७ इंच असे, तरीही त्याचे चित्र ३२ इंची रुंद पडद्यापेक्षा किंचित उंचच होते; त्यामुळे ३२ इंच घेणाऱ्या कित्येकांना माणसे लहान झाल्यासारखी वाटली. ‘४के’ या शब्दाचेही तसेच. पूर्वी आडव्या ओळी मोजत, ७२० किंवा १०८०. येथे मोजणी उभ्या रांगांवर गेली आणि त्याही पुऱ्या चार हजार नाहीत, ३८४० आहेत. सामान्य दृष्टीच्या माणसाला ५५ इंची १०८० च्या पडद्याचे बिंदू सुमारे सव्वादोन मीटरच्या पुढून वेगळे दिसत नाहीत, म्हणून तीन मीटरवर बसणाऱ्याला अधिक बिंदूंपेक्षा मोठ्या पडद्याचा उपयोग जास्त.

संच बारीक होत गेला तसा आवाजही बारीक झाला, कारण ध्वनिक्षेपकाला लागणारी पोकळीच उरली नाही आणि तो खाली किंवा मागे तोंड करून बसवला गेला. साउंडबार ही वस्तू त्या उणिवेतून रुजली. ओएलईडीला आणखी एक जपणूक लागते. एकाच जागी तासन्‌तास राहणाऱ्या वाहिनीच्या चिन्हाचा ठसा पडद्यावर उमटू शकतो, आणि तो टाळण्यासाठी संच रिमोटने बंद केल्यावर स्वतःची दुरुस्ती करतो. प्रत्येक वेळी भिंतीवरचे बटण लगेच बंद करण्याची काटकसरी सवय येथे संचाच्याच मुळावर येते.

टीव्ही इंटरनेटला जोडला गेल्यानंतरचा बदल सर्वांत मोठा आहे. पडद्यावर काय चालू आहे हे ओळखून त्याची नोंद बाहेर पाठवणारी यंत्रणा अनेक संचांत असते. २०१७ मध्ये अमेरिकेत एका उत्पादकाने प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याबद्दल २२ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. सेटिंगमध्ये ही नोंद बंद करता येते, मात्र तो पर्याय बहुधा अटी-शर्तींच्या आत दडलेला असतो. शिवाय पडदा दहा वर्षे टिकला तरी त्यातली ॲप काही वर्षांतच अद्ययावत होणे थांबतात, आणि मग एका बाहेरच्या उपकरणाची तार जोडून तोच पडदा पुढे वापरला जातो. ज्या घरांनी २०१० च्या आसपास ‘स्मार्ट’ नसलेला, पण चांगल्या पडद्याचा संच घेतला, त्यांच्याकडे तो आजही असाच चालू आहे.