कॅपसाठी दात तासताना: बराचं टोकच कड ठरवतं

दात तासताना बराच्या, म्हणजे दात कापणाऱ्या फिरत्या टोकदार हत्याराच्या, टोकाचा आकार दाताच्या कडेवर, म्हणजे कॅप जिथे संपते तिथे, जसाच्या तसा उमटतो. म्हणून बर निवडायचा तो कॅप कशाची होणार हे पाहून. अखंड झिर्कोनिया या सिरॅमिकला कडेशी ०.५ ते १ मिमीचा चॅम्फर, म्हणजे उथळ गोलसर कड, पुरते. लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकला आतला कोपरा गोल असलेला सुमारे १ मिमीचा शोल्डर, म्हणजे पायरीसारखी सपाट कड, लागतो. धातूवर पोर्सेलिन चढवायचं असेल, तर दर्शनी बाजूला १.२ ते १.५ मिमी जागा हवी.

बराच्या क्रमांकातले शेवटचे तीन अंक जाडी सांगतात. ०१६ म्हणजे १.६ मिमी. पण ही जाडी सगळ्यात रुंद भागाची असते, निमुळत्या बराचं टोक त्याहून बारीक असतं. इथेच सर्वाधिक चुका होतात. गोल टोकाचा चॅम्फर बर टोकाच्या निम्म्या जाडीपर्यंतच आत न्यायचा. १ मिमीच्या टोकाने ०.५ मिमीची कड मिळते. त्याहून खोल गेलं की बाहेरच्या अंगाला एनॅमलची पातळ, निराधार पाळ उभी राहते. माप घेतल्यानंतर ती तुटली, तर कॅप आणि दात यांच्यात फट पडते. जास्त खोली हवी असेल तर जाड बर घ्यावा, तोच बर आत रेटू नये.

दाढेच्या चावणाऱ्या बाजूवर आधी खोलीच्या खाचा पाडायच्या आणि मगच मधला भाग उतरवायचा. जाडी ठाऊक असलेला बर पुरता बुडवला की खोली आपोआप मोजली जाते. चावताना भार घेणारी टोकं, म्हणजे वरच्या दाढांची टाळूकडची आणि खालच्यांची गालाकडची, तिरकी उतरवायची राहिली तर कॅप नेमकी तिथेच पातळ होते. शेजारच्या दाताकडे सुईसारखा बारीक बर वापरावा आणि तासायच्या दाताच्याच एनॅमलचा पापुद्रा मध्ये राखावा, म्हणजे शेजाऱ्याला ओरखडा जात नाही.

भिंतींचा उतार बरातच असतो, त्यामुळे हात कलवायचा नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये मिळून १० ते २० अंश चालतात. त्याहून जास्त झाले तर कॅपची पकड जाते. उलटा उतार राहिला, म्हणजे दात खालच्यापेक्षा वर रुंद झाला, तर ती बसतच नाही. तपासताना एक डोळा मिटावा, कारण दोन्ही उघडे ठेवले तर उलटा उतार लपतो.

दांड्यावर हिरवी पट्टी असलेला, जाड हिरेकणांचा बर भराभर कापतो, पण तापतोही. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांच्या माकडांवरील प्रयोगात दंतमज्जेचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं, तेव्हा १५ टक्के दातांची मज्जा सावरली नाही. मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर पाणी थेट टोकावर पडायला हवं, हात हलका हवा आणि बर दातावर फिरता हवा. झिजलेला बर सरळ टाकून द्यावा. तो कापत नाही, म्हणून हात नकळत दाबतो. बर फिरवणारा हवेवरचा हँडपीस, म्हणजे एअरोटर, दाबाखाली मंदावतो, त्यामुळे चूक लगेच कळते. विजेवरचा हँडपीस मात्र मंदावत नाही, म्हणून तिथे दुप्पट सांभाळावं.

शेवटी त्याच आकाराचा लाल पट्टीचा, बारीक हिरेकणांचा बर फिरवून सगळे धारदार कोपरे गोल करायचे. सिरॅमिकमध्ये ताण कोपऱ्यांशी साचतो आणि तडा तिथून जातो. शिवाय कॅप कोरणाऱ्या यंत्रातही बरच असतो. त्याच्या टोकाहून तीक्ष्ण कोपरा त्याला कॅपच्या आत कोरता येत नाही, आणि दातावर तसा कोपरा राहिला तर कॅप तिथे अडते किंवा आत सिमेंटचा जाड थर राहतो.