शेजारच्या झाडाच्या फांद्या भाड्याच्या घरावर आल्यास सोलापूर महापालिकेत अर्ज कसा करावा

वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराची फांदी पत्र्यावर आदळली की घरमालकाला भाडेकरूचा फोन येतोच. ‘तूच तोडून टाक’ असे त्याला सांगू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही ‘तोडणे’च. फांदी आपल्या अंगणात लोंबत असली तरी परवानगी लागते.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे, उद्यान विभागात द्यायचा. झाड ज्याच्या जागेत आहे त्याने दिला तर काम सर्वांत सोपे. तो तयार नसेल, पण हरकतही नसेल, तर त्याची सही असलेले संमतीपत्र घेऊन तुम्ही द्या. भाडेकरूच्या नावाने देऊ नका, मालकीच्या कागदावर गाडी अडते. तुम्ही स्वतः बाहेरगावी, समजा पुण्यात, राहत असाल तर अर्जावर सही तुमची आणि पाहणीला हजर राहण्यासाठी भाडेकरूला अधिकारपत्र, एवढे पुरते.

सोबत मिळकत कराची चालू पावती, सिटी सर्व्हे उतारा, आधारची प्रत, जागेचा हातनकाशा आणि फोटो. फोटो तीन तरी हवेत: पूर्ण झाड, हद्दीची भिंत आणि फांदी जिथे टेकते ती जागा. ‘फांद्यांचा त्रास होतो’ एवढ्याने भागत नाही. ‘कडुनिंबाची फांदी भिंतीपासून पाच फूट आत, पत्र्याला घासते’ असे लिहा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मागणीच्या ओळीत होते. रागाच्या भरात ‘झाड काढून टाकावे’ लिहिले की प्रकरण वृक्षतोडीचे होते: झाडावर आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकती, वृक्ष प्राधिकरणाचा निर्णय. ‘धोकादायक फांद्यांची छाटणी’ एवढेच मागा. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा.

शेजारी अडूनच बसला तर आधी पोचपावतीसह लेखी नोटीस. हद्दीचाच वाद असेल तर नगर भूमापन कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, नाहीतर पुढचे सगळे कागद हवेत. झाड पडून कोणाला इजा होण्याजोगे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नुसत्या पाचोळ्याने पन्हळ तुंबत असेल तर तिथे जाऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व (दावा दाखल करण्याआधीच्या) तडजोडीचा अर्ज द्या.

फांदी विजेच्या तारेला टेकली असेल तर हे सगळे बाजूला ठेवून आधी महावितरणला 1912 वर कळवा.