पार्श्वभूमी : केसपेपरच्या पलीकडचं निदान

मुंबईतले डॉक्टर हवामानबदलावर बोलू लागले, की ‘हे त्यांचं काम आहे का?’ असं विचारलं जातं. या शहरात हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत गाठीच्या प्लेगचं निदान केलं. औषधोपचारावर न थांबता त्यांनी वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट व्हावा म्हणून जोर लावला. १८९८मध्ये शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. कोंदट वस्त्यांत हवा खेळावी म्हणून नवे रस्ते काढले गेले. पण त्याच साथीत, ऑक्टोबर १८९६मध्ये, गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. आजाऱ्यांना घरातून सक्तीने हलवलं जात होतं. डॉक्टर कोण आणि शिपाई कोण, हे लोकांना वेगळं दिसेना. मला ही बाजू अधिक महत्त्वाची वाटते. डॉक्टरांच्या शब्दाला वजन येतं ते विश्वासाने, हुकमाने नाही.

पुढे १९७०च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी सहकाऱ्यांसह लालबाग, चेंबूर आणि खारच्या रहिवाशांचे श्वसनविकार तिथल्या हवेच्या प्रदूषणाशी ताडून पाहिले. धुराड्यांविरुद्धच्या तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पाणी ओसरलं आणि लेप्टोची साथ आली; उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे शरीरात शिरणारा हा ताप. आता पावसाळ्यात ताप घेऊन ओपीडीत गेलं, की डॉक्टर विचारतात, ‘साचलेल्या पाण्यातून चालला होतात? पायाला कुठे कापलंय?’ हवा एका अंशाने तापली, की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते आणि पाऊस अधिक जोराने कोसळतो. या दोन प्रश्नांमागे तेही आहेच.

जगभरात २००९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हवामानबदलाला एकविसाव्या शतकातला आरोग्याचा सर्वांत मोठा धोका म्हटलं; २०२१मध्ये दोनशेहून अधिक वैद्यकीय नियतकालिकांनी त्यावर एकच संपादकीय छापलं. मार्च २०२२मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. वर्षभराने, १६ एप्रिल २०२३ला, खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाने माणसं दगावली.

तिथे मृत्यू डोळ्यांदेखत झाले, म्हणून उन्हाच्या नावावर लागले. पत्र्याच्या खोलीत रात्रभर तापून सकाळी हृदय बंद पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कागदावर मात्र बहुतेकदा हृदयविकारच लिहिला जातो. छप्पर कशाचं होतं, हे डॉक्टरांनी विचारून तिथेच नोंदवायला हवं.