ग्रंथप्रामाण्य

एखाद्या ग्रंथातील वचन अन्य पुराव्याची अपेक्षा न ठेवता खरे आणि आचरणीय मानणे म्हणजे ग्रंथप्रामाण्य. ईश्वर मानणे आणि ग्रंथ प्रमाण मानणे या गोष्टी बहुधा एकत्र आढळत असल्या, तरी त्या भिन्न आहेत. वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे पूर्वमीमांसकांनी, वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले आणि म्हणूनच कर्त्याच्या दोषांपासून मुक्त मानले. त्यांच्यापैकी कुमारिल भट्टाने तर जगत्कर्त्या ईश्वराची कल्पनाच खोडून काढली. याउलट, बोलणारा आप्त, म्हणजे विश्वसनीय असेल तरच शब्द प्रमाण, असे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, मत होते, आणि उत्तरकालीन नैयायिकांनी वेदांचे कर्तृत्व ईश्वराकडे दिले. मनुस्मृतीने वेदनिंदकालाच नास्तिक ठरवले. त्यामुळे निरीश्वरवादी मीमांसक आस्तिकांत आणि स्वतःचे आगम व पिटके हे धर्मग्रंथ असलेले जैन व बौद्ध मात्र नास्तिकांत गणले गेले.

इस्लाममध्ये कुराण हे ईश्वराचेच वचन होय. ते निर्मित की अनादि, या वादात खलिफा अल्‌ मामूनने इ.स. ८३३ मध्ये विद्वानांची चौकशी आरंभली. शीख परंपरेत ग्रंथालाच गुरुपद आहे. १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंग यांनी ते दिले, अशी परंपरा असून त्या ग्रंथात संत नामदेवांचीही पदे आहेत.

चार्वाक या जडवादी मताच्या अनुयायांनी प्रत्यक्षालाच, म्हणजे इंद्रियांनी येणाऱ्या अनुभवालाच, खरे प्रमाण मानून वेदप्रामाण्य नाकारले. त्यांचे मूळ सूत्रग्रंथ उपलब्ध नाहीत आणि त्यांची मते मुख्यतः विरोधकांच्या खंडनांतून कळतात, ही भारतीय विचारेतिहासातील मोठी हानी होय. आजच्या अर्थाने नास्तिक, म्हणजे ईश्वर व ग्रंथप्रामाण्य दोन्ही न मानणाऱ्या, विचारात ग्रंथांना मान असतो, परंतु कोणतेही वचन तपासणीपलीकडचे नसते. म्हणून तेथे धर्मग्रंथाची जागा दुसरा ग्रंथ घेत नाही.

महाराष्ट्रात हा वाद समाजरचनेला भिडला, कारण जातिभेद आणि अस्पृश्यता यांचे समर्थन शास्त्रवचनांनीच केले जाई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झालेले मनुस्मृतीचे दहन हा त्याच आधारावरील आघात होता. त्याआधी महात्मा फुले यांनी निर्मिकावर, म्हणजे सृष्टिकर्त्यावर, श्रद्धा ठेवूनही ग्रंथप्रामाण्य नाकारले होते. मीमांसकांच्या नेमकी उलट अशी ही भूमिका होय. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे, की ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी असून, प्रत्येकाने आपापला धर्म त्या त्या धर्माचे पुस्तक वाचून, स्वतःच्या मर्जीने स्वीकारलेला आहे आणि कोणीही दुसऱ्याचा द्वेष करीत नाही.