खरूज चिघळते कशी?

कापूस वेचणीच्या दिवसांत थंडी पडली की यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत लेकरं रात्ररात्र खाजवतात. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, मनगटावर ओरखडे आणि थोड्याच दिवसांत त्यावर पिवळी खपली. घरात म्हणतात, ‘खुजली झाली.’ शेजारीण विचारते, ‘आंघोळ नाही घालत का पोराले?’ आईला हा प्रश्न फार लागतो, आणि तो चुकीचाही आहे.

आयुर्वेदातल्या ‘पामा’चं वर्णन खरजेशी जुळतं. पण खरजेचा किडा नीट पाहिला गेला तो १६८७ साली, इटलीत. बोनोमो आणि चेस्तोनी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचं चित्र काढलं. गोचिडीच्या गोतातला, आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. तरी वैद्यकाने तो मनावर घेतला नाही. रक्त बिघडतं म्हणून खरूज होते, हेच पुढची दीडेकशे वर्षं चाललं. १८३४ साली कॉर्सिकाहून पॅरिसला शिकायला आलेल्या रेनुचीने सर्वांसमोर सुईच्या टोकावर जिवंत किडा काढून दाखवला. ही हातोटी त्याने गावाकडच्या बायकांकडे पाहिली होती. मोठमोठ्या डॉक्टरांना जे दिसत नव्हतं, ते त्या बायका रोज सुईने काढत होत्या!

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी ८८६ रुग्णांच्या अंगावरचे किडे मोजले. सरासरी भरली अवघी अकरा. स्वयंसेवकांना रुग्णांच्या अंथरुणात झोपवूनही लागण क्वचितच झाली. किडा पसरतो तो मुख्यतः अंगाला अंग लागून. म्हणजे वाकळ उकळून काढणाऱ्या बाईची मेहनत बरीचशी वाया जाते, कारण त्याच वाकळीखाली चार भावंडं एकमेकांना बिलगून झोपतात.

पण अकरा किड्यांनी एवढं अंग का पेटावं? याचा उलगडा अलीकडचा, मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांचा. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरते, रोज दोन-तीन अंडी घालते, तिथेच विष्ठा टाकते. तिच्या एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, फिलॅग्रिन हे आपल्या कातडीचा बांधा धरून ठेवणारं प्रथिन तुटतं, असं प्रयोगात दिसलं. त्याहून नवलाची आहेत ती तिची ‘मोडकी’ विकरं. ती प्रथिनं तोडणाऱ्या विकरांच्याच घराण्यातली, पण तोडण्याची धार गेलेली. या किड्यात त्यांची तीसहून अधिक जनुकं आहेत. ही विकरं विष्ठेतून बिळात उतरतात आणि आपल्या रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांच्या फौजेला अडवतात. त्याने किडा वाचतोच, पण त्याच्या आडोशाने स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे जिवाणूही वाढू शकतात. ती पिवळी खपली या जिवाणूंची. स्ट्रेप्टोकॉकसमागून कधी मूत्रपिंडाला सूज येते, म्हणून खरूज झालेल्या पोराचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अर्थात सगळा दोष विकरांचा नाही. १८४८ साली नॉर्वेत डॅनियलसन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांच्या अंगावर जाड खपल्यांची खरूज पाहिली. अशा एकाच माणसावर किडे लाखांनी असू शकतात. बधिर कातडीला खाज कळत नाही, खाजवून किडे झडत नाहीत, प्रतिकारशक्तीही उणी पडते. कुष्ठरुग्णांसाठी तपोवन आणि आनंदवन जिथे उभे राहिले त्या विदर्भाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. उपाय म्हणून किडे मारणारं पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. खाज नसलेल्यांनीही, कारण पहिल्या लागणीत खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्याने पुन्हा एकदा. किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष आणि विष्ठा बिळात राहतात, म्हणून खाज आणखी दोन-चार आठवडे टिकते. नेमकं याच दिवसांत ‘मलम लागू पडलं नाही’ म्हणून घरोघरी ट्यूब बाजूला पडते आणि करंजाच्या तेलात गंधक कालवलं जातं.