मोकाट ससा घरी आणलाय? आधी विश्वास, मग ट्रे

सोसायटीच्या बागेत किंवा फार्महाऊसवर सोडून दिलेले पाळीव ससे आणि त्यांची तिथेच वाढलेली पिल्लं घरी आणणाऱ्या ग्राहकांसाठी ही माहिती आहे. आधी एक खात्री करून घ्या. अंगानं सडपातळ, पाय लांब, रंग मातकट आणि मानेवर काळा डाग असेल, तर तो रानससा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरी ठेवता येत नाही. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

पहिला आठवडा

सबंध घर मोकळं देऊ नका. खोलीच्या शांत कोपऱ्यात 4 बाय 4 फुटांचं, 3 फूट उंच जाळीचं कुंपण करा. खाली सतरंजी हवीच, कारण गुळगुळीत फरशीवर पाय घसरला की ससा आणखी बिथरतो. लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, पण त्याला दोन तोंडं कापा. एकाच तोंडाच्या खोक्यात तो कोंडल्यासारखा होतो आणि हात आत गेला की चावतो. पाणी जड वाडग्यात ठेवा. खोलीचं तापमान 30 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, सशाला उष्माघात फार लवकर होतो.

लेंड्या-मुताचा ट्रे साफ करणं आणि दवाखान्यात नेणं सोडून त्याला उचलू नका. घाबरून झाडलेल्या लाथेनं त्याचाच मणका मोडू शकतो. उताणा धरल्यावर तो शांत झालेला दिसतो, ती भीतीनं आलेली ताठरता असते.

रोज वीसेक मिनिटं कुंपणाच्या आत जमिनीवर बसा. त्याच्याकडे टक लावून बघू नका, मोबाईल पाहत बसलात तरी चालेल. मागचे पाय जागच्या जागी ठेवून तो मान लांबवेल, हुंगेल आणि पळेल. पळू द्या. त्या वेळी हात पुढे केला की दोन दिवसांची मेहनत वाया. स्वतःहून जवळ येऊ लागला की कोथिंबिरीची काडी बाजूनं धरा. सशाला नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून समोरून आलेला हात त्याला दचकवतो. हात लावायचा तो आधी कपाळावर, हनुवटीखाली नाही.

ट्रे

पिंजऱ्यासोबत येणारा तिकोनी ट्रे आम्ही ठेवत नाही. मोठ्या सशाला त्यात वळता येत नाही, म्हणून बूड बाहेर राहतं आणि मूत फरशीवर जातं. किमान 18 बाय 14 इंचांचा ट्रे घ्या, पुढची कड 3–4 इंचांची हवी. तळाला कागदाच्या गोळ्यांचा इंचभर थर आणि वर एका बाजूला मूठ-दोन मूठ गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत ट्रेमध्येच हवं. मांजरांसाठीची गोळा होणारी वाळू वापरू नका, पोटात गेली तर आतडं तुंबतं.

ट्रे कुठे ठेवायचा ते सशाला ठरवू द्या. दोन दिवस तो कुठे मुततो ते बघा आणि तिथेच ट्रे सरकवा. बाहेरचं मूत कागदानं टिपून तो कागद ट्रेमध्ये टाका. ट्रे रोज धुऊन लख्ख केलात तर त्याचा वास जातो आणि तो दुसरी जागा शोधतो. ओला भाग रोज काढा, जुना थोडा भाग राहू द्या. पांढरे डाग व्हिनेगरनं निघतात. आठवडाभर मूत ट्रेमध्येच पडलं की जागा चार फुटांनी वाढवा. सवय बिघडली तर पुन्हा मागे या. ओरडून किंवा नाक दाबून काही साधत नाही.

दोन-चार लेंड्या बाहेर पडणारच. तक्रार करायची ती मुताची. वयात आलेला, शस्त्रक्रिया न केलेला ससा हद्द आखायला मूत उडवतो, तिथे ट्रे बदलून उपयोग नाही. नसबंदीनंतर फरक दिसायला महिनाभर लागतो. नराला त्यानंतरही काही आठवडे मादीपासून वेगळं ठेवा. बाहेरून आणलेली मादी गाभण असू शकते. सशाचा गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा. ती अंगाचे केस उपटून ट्रेमध्ये गवत रचू लागली, तर ते घरटं आहे, हलवू नका.

लालसर मूत बहुधा पाल्यातल्या रंगद्रव्यामुळे असतं. पण लागलेली सवय अचानक सुटली, कुंथायला लागला किंवा 12 तास खाणं वा लेंड्या बंद राहिल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. पिसवांसाठी फिप्रोनिल असलेलं कुत्र्याचं औषध लावू नका, त्यानं ससे दगावतात.